शेवटच्या पाण्याची बशी

सबीहा मुकादम माहुलच्या खाडीवरून
तिवराची पानं आणते, बर्फाच्या डब्यात,
मासळी आणावी तशी.
पानाच्या पाठीवर मीठ फुललेलं असतं.
मी एकदा चाटून बघितलं. ती ओरडली,
"गमरेबाई, नमुना आहे तो!"

आधी पान धुवायचं.
एक मिनिट अल्कोहोल, तीन मिनिटं ब्लीच,
मग डिस्टिल्ड पाणी, पाच वेळा.
बाहेरचं काही म्हणता काही राहता कामा नये:
रिफायनरीची काजळी, बगळ्याची शीट,
माझ्या जिभेचंसुद्धा.

आणि शेवटच्या धुण्याचं पाणी
एका वेगळ्या बशीत पसरून ठेवायचं.
त्या बशीत काही उगवलं नाही
तरच बाकीच्या बशांतलं खरं.
तरच म्हणता येतं,
हे वाऱ्याबरोबर आलेले नव्हेत,
हे पानाच्या आतले.

मग खल. हिरवा लगदा.
तीन दिवस, अठ्ठावीस अंशांवर.

सकाळी कुलूप मी उघडते,
म्हणून आधी मलाच दिसतात.
सोलकढीच्या रंगाचा एक ठिपका.
हळकुंड मोडल्यावर आत असतो तो पिवळा.
एक सायीसारखा सुरकुतलेला,
एक पाणचट, बसला तिथून पसरत निघालेला,
आणि एक इतका बारीक
की बशी उजेडाला तिरपी धरल्याशिवाय नाहीच.
एका पानात चौदा तऱ्हा.
त्याच फांदीच्या शेजारच्या पानात अकरा,
आणि दोन्हींत सारख्या फक्त चार.
देठांमध्ये अंतर दीड बोट.

सर म्हणाले, पान म्हणजे चाळच की, बाई.
सर चाळीत राहिलेले नसावेत.
चाळीत कुणाचं काय शिजतंय ते सगळ्यांना कळतं.
इथे पेशी-पेशींमधल्या फटीत
कोण थोडी साखर मागून घेतं,
कोण पानाला खारं सोसायला मदत करतं,
कोण नुसतंच बसून असतं,
असं सबीहा सांगते, आणि लगेच म्हणते, "बहुतेक."
तिच्या वहीत 'बहुतेक' फार आहे.
मला ती वही आवडते.

पाइपलाइनच्या कडेला राहत होतो तेव्हा
आमच्या दारावर लाल रंगाने आकडा घातला होता.
साहेबाने विचारलं, आत कोण कोण?
मी, सासू, दोन मुलगे,
आणि जाऊ वारली तिची पोर, रंजू.
त्याने चार लिहिले.
रंजूचा कागद नव्हता.
रंजू माझा पदर धरून उभी होती,
त्याच्या पेनाकडे बघत.
आता आम्ही पाचही जण माहुलला, सातव्या मजल्यावर.
खिडकीतून तीच तिवरं दिसतात,
वारा फिरला की गॅसचा वास.

सबीहा म्हणते, आगरवर उगवतात ते
शंभरातले एखाद-दोन.
बाकीच्यांना आपलं जेवण चालत नाही.
ते असतात, फक्त बशीत येत नाहीत.
त्यांच्यासाठी पानाचा अर्क हैदराबादला पाठवला.
दोन महिन्यांनी यादी आली, लांबलचक,
आणि खाली खाली नावाच्या जागी एकच शब्द, ओळीने.
म्हटलं, हे काय?
म्हणाली, ओळख पटली नाही.
ते पान मी तिच्या हातातून घेतलं.
"मग यांना काढून टाकणार?"
"काढू कशाला? मोजलेत ना."

शुक्रवारी सगळ्या बशा ऑटोक्लेव्हमध्ये.
पंधरा पौंड, वीस मिनिटं.
सोलकढी, हळद, साय,
सगळ्यांना एकच वास येतो मग,
उकडलेल्या बटाट्याच्या सालीचा.
कामच आहे ते.

शेवटच्या पाण्याची बशी स्वच्छच असते.
तीही घालावी लागते.
घालण्याआधी मी ती खिडकीशी नेते,
उजेडाला तिरपी धरते.